डोंगरातला दातांचा दवाखाना: माझा अनुभव

खानापूर तालुक्यात जांबोटी मागं टाकून कणकुंबीकडे निघालं की जंगल सुरू होतं. भीमगडच्या बाजूच्या वाड्यांत दाढ ठणकू लागली तर उपाय दोनच, लवंग नाहीतर बेळगाव. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत, तिथं उपचार स्वस्तही पडतात. पण बसच्या फेऱ्या मोजक्या, आणि एका दाढेसाठी अख्खा रोज बुडतो. मग माणूस गोळ्या खात बसतो आणि गाल सुजल्यावरच निघतो.

मी बेळगावात दातांची डॉक्टर आहे, माहेर याच पट्ट्यातलं. शिबिरं इथं आधी झाली होतीच. तोंड बघायचं, टूथपेस्टची ट्यूब हातात द्यायची आणि ‘बेळगावला या’ अशी चिठ्ठी लिहायची. म्हणून पहिल्या बैठकीतच एका काकांनी सुनावलं, “नुसतं बघायला येऊ नका डॉक्टरबाई. काढणार असाल तर या.” मलाही ते पटलं. दात काढल्यावर तिसऱ्या दिवशी जखमेत कळ उठली तर कोण बघणार, हे शिबिरवाल्यांना कुणी विचारत नाही. तेव्हा शिबिर नाही, दर आठवड्याला ठरलेला वार, हे तिथंच ठरलं. ग्रामपंचायतीनं पडून असलेली खोली दिली, ना-हरकत पत्रासकट.

आता कागद. फुकट सेवेला परवाना कशाला, असं मला शिकल्यासवरल्या लोकांनीही विचारलं. कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली दवाखान्याची नोंदणी लागते, मग पैसे घ्या नाहीतर घेऊ नका. आमच्या ट्रस्टची घटना मराठीत, ती कन्नडमध्ये करून जोडली. एका कार्यालयात फाइल इतकी रेंगाळली की तिथल्या टेबलावरचा चहाचा डाग ओळखीचा झाला. कोल्हापूरचे वर्गमित्र हौसेनं यायला तयार होते, पण त्यांची नोंदणी महाराष्ट्रातली. ते येतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, केसपेपर लिहितात. रुग्णाच्या तोंडात हत्यार घालायचं ते इथल्या परिषदेत नोंदणी असलेल्यानंच.

कचऱ्याचं लवकर मिटलं. काढलेले दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. हे सगळं सरकारी आरोग्य केंद्राच्या कचऱ्याबरोबर जाईल असं लेखी घेतलं.

डोकं खाल्लं ते विजेनं. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते देवी माऊलीलाच ठाऊक. म्हणून किडलेले दात भरण्यासाठी एआरटी नावाची पद्धत धरली. हाताच्या अवजारानं कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, ड्रिल नाही की कॉम्प्रेसर नाही. १९८० च्या दशकात टांझानियात ही पद्धत अशाच अडचणीतून निघाली. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल तर मात्र या पद्धतीचा उपयोग नाही, तिथं बेळगावच. निर्जंतुकीकरणाला गॅसवर चालणारं, कुकरसारखं ऑटोक्लेव्ह घेतलं. १५ पौंड दाब, १२१ अंश, २० मिनिटं. मदतीला असलेल्या गावातल्या मुलीला दोन गोष्टी घोकून घ्यायला लावल्या: आधी आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, आणि घड्याळ लावायचं ते काटा १५ वर आल्यावर, गॅस पेटवल्यापासून नव्हे. अवजारांच्या पाकिटावरची पट्टी काळी झाली म्हणजे झालं, असंही नाही. पट्टी पाकीट तापल्याचं सांगते, जंतू मेल्याचं नाही. आता ती मुलगी माझ्यावरच लक्ष ठेवते.

पेशंट काही पहिल्याच आठवड्यात रांगा लावून आले नाहीत. “वरची दाढ काढली की डोळं जात्यात म्हणं,” हे प्रत्येक घरात. मग गावातल्या एका मामांची वरची दाढ काढली आणि त्यांनी दुसऱ्या आठवड्यात खोलीबाहेर बसून मोठ्यानं पेपर वाचला, तेवढ्यानं काम झालं. मिशेरीचं मात्र तसं नाही. निपाणीकडची तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची आणि हिरड्यांवर घासायची. एका आजींच्या खालच्या हिरड्या इतक्या मागं सरल्या होत्या की दातांची मुळं उघडी पडलेली. सोडा म्हटलं तर म्हणाल्या, “मिशेरी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई की.” यावर माझ्याकडे गोळी नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला, तेव्हा दिवसातून चार वेळेवरून दोनवर यायला कबूल झाल्या. तो चट्टा मी दर महिन्याला बघते. खरखरीत झाला किंवा वाढला तर तुकडा काढून तपासायला पाठवणार, हे त्यांच्या सुनेलाही सांगून ठेवलंय.

कवळीची मागणी सगळ्यात जास्त. बीपीएल कार्ड असलेल्या वयस्कांना दंतभाग्य योजनेतून ती मोफत मिळते, पण माप, चावा, ट्रायल असे कॉलेजात हेलपाटे पडतात. म्हणून एका खेपेला पाच-सहाजण जमले की आशाताई त्यांना एकाच गाडीतून नेतात, नाश्ता ट्रस्टचा. एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. तो अर्ज भरून झालाय, आणि मशीन ठेवायच्या भिंतीची ओल पावसाआधी काढायची म्हणून गवंडी शोधतोय.