तुम्ही विचारलंत म्हणून : बाल समिती नेमली, तरी मुलं गप्प का?

बालगृहाचे अधीक्षक हमखास विचारतात : मुलांचीच बाल समिती नेमली, सूचनापेटी लावली, तरी मुलं काही सांगत का नाहीत?

आधी पेटी कुठे टांगलीय ते बघा. बहुतेकदा ती कार्यालयाच्या दाराशी असते आणि किल्ली अधीक्षकांच्याच खणात. बाल न्याय कायद्याखालच्या 2016च्या केंद्रीय आदर्श नियमांत नेमकं उलट आहे. पेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली बालगृहावर देखरेख ठेवणाऱ्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि दर आठवड्याला पेटी उघडायची ती बाल समितीच्या सदस्यांसमोर. ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच हातात किल्ली असेल, तर पेटीत 'रविवारी चिकन द्या' याखेरीज काय निघणार?

समित्याही तीन लागतात : 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 वर्षं. कागदपत्रं कमी व्हावीत म्हणून एकच केली, की दहावीतल्या ताईसमोर दुसरीतली पोर तोंड उघडत नाही. लहानग्यांना इमारतीचा साधा नकाशा देऊन जिथे भीती वाटते तिथे काळा रंग भरायला सांगा. संडासाकडच्या वाटेवरचा बंद दिवा असा कळतो. बाल समितीचा प्रमुख गुप्त मतदानाने निवडा. नाहीतर मावशींची लाडकी मुलगीच दरवेळी निवडून येते.

बैठक दर महिन्याला, नोंदवही मुलांच्या हाती, आणि अधीक्षक खोलीबाहेर. चालवायला बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेचं माणूस बोलवावं, नियमांत तशी सोय आहे. 'काही अडचण आहे का?' याला 'नाही सर' हेच उत्तर मिळतं. 'या आठवड्यात ताटात काय उरलं?' असं विचारलं, की बोलणं थांबत नाही.

खरं घोडं अडतं ते उत्तरापाशी. प्रत्येक सूचनेसमोर निर्णय, कारण आणि तारीख लिहून पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. 'पैसे नाहीत' हेही उत्तरच. दोन महिने काहीच कळलं नाही, तर मुलं पुन्हा लिहिण्याच्या फंदात पडत नाहीत.

काही चिठ्ठ्या मात्र सूचना नसतातच. 'आईला भेटायचंय' ही लगेच बाल कल्याण समितीकडे, म्हणजे मुलाने कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे, गेली पाहिजे. मारहाणीच्या चिठ्ठीवर व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक लागते, आणि आरोप अधीक्षकांवर असेल तर ते तिथे बसत नाहीत. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर बैठकीची वाट न बघता पोलिसांना कळवायचं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार ते बंधनकारक आहे.

प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे बालगृहाऐवजी तात्पुरतं दुसऱ्या घरी, राहणाऱ्या मुलांना तर समितीच नसते. तिथे बाल कल्याण समितीकडून कायद्याने दरमहा होणारी तपासणी हीच त्यांची बोलण्याची जागा. ती दिवाणखान्यात, काका-काकूंसमोर चहा घेत उरकली तर मूल काय बोलणार? त्याच्याशी थोडा वेळ एकट्याने बोला.

आणि बैठकीचा फोटो फेसबुकवर टाकू नका. मुलांची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.