पावती बरोबर, बिल चूक

एप्रिल २०१९ मधील ही घटना आहे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि आसपासच्या काही दूध संस्थांचे संगणक माझ्याकडे देखभालीला असतात. त्यांपैकी एका संस्थेच्या सचिवांचा भर दुपारी फोन आला. "व्हायरस शिरलाय, आकडे बदलतोय. हातातलं काम ठेवा आणि या," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी पोहोचलो तेव्हा कार्यालयात चेअरमन, दोन संचालक आणि एक वयस्कर उत्पादक बाई बसल्या होत्या. बाईंचा सभासद क्रमांक ११२. त्यांच्या हातात दहा दिवसांच्या पावत्यांची चळत होती आणि दहा दिवसांच्या बिलात एका संध्याकाळचे दूधच नव्हते. "पावती हाय माझ्याकडं. मग दूध गेलं कुठं?" हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. शोधता शोधता त्यांचे दूध सापडले, पण १५२ क्रमांकाच्या नावावर. आणि १५२ हा क्रमांक संकलनाच्या काट्यावर बसणाऱ्या मुलाच्या चुलत्यांचा होता. त्या मुलाला समितीने आदल्याच दिवसापासून घरी बसायला सांगितले होते. म्हणजे मला बोलावले होते ते व्हायरस शोधायला, पण खोलीतील निम्म्या लोकांच्या मनात व्हायरस नव्हता, तो मुलगा होता.

संस्थेतील पद्धत अशी होती. संकलनाच्या खोलीत एक जुना संगणक होता. इलेक्ट्रॉनिक काट्यावरून लिटर आणि तपासणी यंत्रावरून फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) त्यात येत, उत्पादकाला तिथल्या तिथे पावती मिळे आणि सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वेगवेगळी साधी मजकूर फाइल तयार होई. संकलन संपले की ती फाइल तो मुलगा पेनड्राइव्हवर घेऊन कार्यालयातील दुसऱ्या संगणकावर देई आणि बिले तेथे निघत. पावती बरोबर आणि बिल चूक असेल, तर मधल्या वाटेवर काहीतरी घडते, एवढे उघड होते. आणि मधल्या वाटेवर पेनड्राइव्ह होता आणि तो मुलगा होता.

पेनड्राइव्ह लावताच मला शॉर्टकट व्हायरस सापडला. मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट दाखवणारा हा प्रकार आमच्या धंद्यात सर्दी-पडशासारखा नेहमीचा आहे. मी तो काढला, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, दोन्ही संगणकांची पूर्ण तपासणी केली आणि दोष दूर झाल्याचे सांगून निघालो. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या, म्हणजे घातक प्रोग्रामच्या, साहाय्याने सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले होते. त्यामुळे संगणकात शिरलेली कीड आकडे फिरवते यावर चेअरमनांचा लगेच विश्वास बसला. माझाही बसला, ही माझी चूक झाली. तो व्हायरस फाइली लपवतो, फाइलीच्या आतील एखादा अंक बदलत नाही, हे मला ठाऊक होते. समोर एक चोर सापडल्यावर चोरी त्यानेच केली का, हे मी विचारलेच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी एका गायीच्या दुधाला ७.९ फॅट लागली होती. ज्या दुधाच्या दराचा पायाच ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असा धरलेला असतो, त्याला ७.९ फॅट लागणे शक्य नव्हते, आणि पावतीवर ३.९ स्पष्ट दिसत होते. महत्त्वाचे म्हणजे त्या संध्याकाळी काट्यावर तो मुलगा नव्हता, खुद्द सचिव बसले होते. एका संचालकांनी मात्र "त्यानंच आत काहीतरी पेरून ठेवलं असंल," असे म्हणून हाही मार्ग बंद केला. आता नुसते कारण सांगून भागणार नव्हते, ते सर्वांना डोळ्यांनी दाखवावे लागणार होते.

मी मागील महिन्याभराच्या सगळ्या फाइली घेऊन बसलो. संकलनाच्या संगणकावरील मूळ फाइल आणि कार्यालयात पोहोचलेली तिची प्रत या दोन्हींची विंडोजमधील एफसी या आज्ञेने बाइटगणिक, म्हणजे एकेक अक्षर घेऊन, तुलना केली. दोन फाइलींमध्ये जेथे फरक असेल ते स्थान आणि तेथील दोन्ही बाइट ही आज्ञा सोळाच्या पायावरील अंकांत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) छापते. बहुतेक जोड्या तंतोतंत जुळल्या. सात जोड्यांमध्ये फरक निघाला, आणि प्रत्येकीत केवळ एका बाइटचा. ते फरक मी कागदावर एकाखाली एक उतरवून घेतले. पहिल्या तीन ओळी अशा होत्या:

००००१७१८: ३१ ३५
०००००७१८: ३३ ३७
०००००७१८: ३९ ३डी

संगणकात प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो. ३१ म्हणजे १ हा अंक आणि ३५ म्हणजे ५. ११२ चे १५२ झाले ते असे. ३३ म्हणजे ३ आणि ३७ म्हणजे ७; ही ३.९ ची ७.९ झालेली फॅट. तिसऱ्या ओळीत ९ च्या जागी बरोबरचे चिन्ह आले होते; एका उत्पादकाचे ९.५ लिटर दूध सॉफ्टवेअरला वाचताच आले नव्हते आणि त्याने ते शून्य धरले होते. उरलेल्या चार ओळीही याच जातीच्या होत्या. त्या कागदाकडे मी किती वेळ पाहत होतो ते सांगता येणार नाही, पण मग एकदम दिसले. प्रत्येक ठिकाणी फरक चाराचा होता, आणि नेहमी वाढच होती, घट एकदाही नव्हती. ० ते ३ या अंकांचे ४ ते ७ होत होते. ८ आणि ९ मध्ये चार मिळवले की अंक संपतात आणि चिन्हे सुरू होतात. ४, ५, ६ आणि ७ यांच्यातील एकही अंक कोठेही बिघडलेला नव्हता, कारण त्यांच्या संकेतांकात चाराचा बिट (बाइटमधील आठ शून्य-एकांपैकी ज्याची किंमत चार असते तो) मुळातच १ असतो. म्हणजे कोणीतरी एकच बिट शून्यावरून एकावर ओढत होते, आणि जेथे तो आधीच एक होता तेथे काहीही घडत नव्हते.

लबाडी करणारा माणूस किंवा लबाडीसाठी लिहिलेला प्रोग्राम असे वागत नाही. त्याला लिटर वाढवायचे असतील तर तो लिटरच्या रकान्यात हात घालील. त्या जागी बरोबरचे चिन्ह टाकून स्वतःच्याच हिशेबाचा विचका करणार नाही. खंडणी मागणारा मालवेअर तर अख्खी फाइल कुलूपबंद करतो. हार्डडिस्कचाही हा स्वभाव नव्हे, कारण ती प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे साठवणीच्या तुकड्यासोबत, तपासणीचे संकेत लिहून ठेवते. सेक्टर खराब झाला तर सहसा वाचताना अडते आणि चूक दाखवते, तीनाचे गुपचूप सात करत नाही.

त्याहून बोलकी गोष्ट स्थानाची होती. सातही ओळींतील स्थानाचे शेवटचे तीन अंक ७१८ होते. विंडोज रॅमची, म्हणजे संगणकाच्या कामापुरत्या स्मृतीची, वाटणी ४०९६ बाइटांच्या पानांत करते आणि सोळाच्या पायावर ४०९६ म्हणजे १०००. फाइल कॉपी होताना अशाच पानांमधून जाते. त्यामुळे रॅममधील दोष पानाच्या ठरावीक जागी असेल, तर फाइलमधील चूकही त्याच शेवटच्या तीन अंकांवर पडणार. त्यामुळेच चुका रांगेतील साधारण चाळिसाव्या किंवा एकशे तिसाव्या नोंदीच्या आसपास येत होत्या. गावात दूध घालायला येणाऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून त्या क्रमांकांच्या आसपास रोज तीच पाच-सहा घरे येत. "नेमक्या त्याच लोकांच्या नोंदी कशा बिघडतात?" हा संचालकांचा सर्वात मोठा आक्षेप होता. त्याचे उत्तर त्या तीन अंकांत होते.

तर्क जुळला, पण पुरावा लगेच हाती येईना. संकलनाचा संगणक दुकानात आणून मी दिवसभर फाइली कॉपी केल्या. एकही चूक निघाली नाही. माझ्या दुकानात कूलर आहे. संस्थेच्या संकलन खोलीवर पत्रा आहे आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलाही तेथे भट्टीसारखे होते. सातपैकी सहा चुका संध्याकाळच्या फाइलींत होत्या, हे तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यात साठवलेला विद्युतभार. तो गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत त्याला उजाळा द्यावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते आणि मुळात कमकुवत असलेला कप्पा पुढील उजाळ्यापर्यंत तग धरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तोच संगणक त्याच खोलीत पुन्हा मांडला. चेअरमन, सचिव आणि संचालकांना मुद्दाम बोलावले, आणि त्या मुलालाही बोलवा असा आग्रह धरला. तो आला आणि दाराशीच उभा राहिला. मी फक्त शून्य हा अंक भरलेली ५०० एमबीची फाइल तयार केली, तिची प्रत काढली आणि दोन्हींची तुलना लावली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या: ३० ३४, ३० ३४, ३० ३४, आणि प्रत्येक ओळीतील स्थानाच्या शेवटी ७१८. मग फक्त ४ हा अंक भरलेली तेवढीच फाइल घेतली. एकही फरक नाही. त्यानंतर हार्डडिस्कची केबल काढून बाजूला ठेवली आणि माझ्या पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली. आता विंडोज नव्हते आणि विंडोजमध्ये कोणी काही पेरले असेल तर तेही नव्हते. फाइल रॅममध्येच तयार करून रॅममध्येच कॉपी केली. पुन्हा शून्यांचे चार.

शेवटी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. पहिल्याच फेरीत तांबड्या ओळी उमटल्या. पत्ते निरनिराळे होते, पण सर्वांचा शेवट ७१८ ने होत होता, आणि चुकलेल्या बिटच्या रकान्यात प्रत्येक वेळी ०००००००४. एकच कप्पा नव्हे, तर चिपमधील उभी रांगच निकामी होत होती. खोडरबराने रॅमच्या पट्टीचे संपर्क घासून पाहिले, स्लॉट बदलला, पण चुका थांबल्या नाहीत. नवी पट्टी घातली आणि त्याच उकाड्यात दोन तास चाचणी चालू ठेवली. एकही तांबडी ओळ आली नाही.

आक्षेप घेणारे संचालक प्रामाणिक माणूस होते. त्यांना खरोखरच विश्वास बसत नव्हता की यंत्र कोणाच्याही सांगण्याशिवाय असे करू शकते. मी त्यांना बेल्जियममधील प्रसंग सांगितला. १८ मे २००३ रोजी तेथे निवडणूक झाली आणि ब्रुसेल्समधील शारबेक या भागात मतदान यंत्रणेने एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मते जास्त दाखवली. एवढी मते मिळणे शक्यच नसल्याने चूक पकडली गेली, आणि मेमरीतील ४०९६ किमतीचा एक बिट शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी एका बिटची चूक आपोआप दुरुस्त करणारी रॅम वापरतात; आपल्या साध्या संगणकांत सहसा ती सोय नसते. संचालकांनी सगळे ऐकून घेतले, पडद्यावरील त्या तीन अंकांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि दाराकडे वळून म्हणाले, "ये रे, आत ये. बस."

मूळ फाइली शाबूत होत्या, त्यामुळे मागील महिन्याची तिन्ही बिले नव्याने काढता आली. ११२ च्या मावशींचे दूध त्यांच्या नावावर परत आले. ज्यांच्या खात्यात जास्तीचे पैसे गेले होते ते पुढील बिलातून वळते करण्याचे समितीने ठरवले. मुलाचे चुलते तर त्याच संध्याकाळी रोख पैसे घेऊन आले. घरी बसवलेल्या दिवसांचा पगारही मुलाला द्यावा, असे मी चेअरमनांना स्पष्ट सांगितले. त्यांनी तो दिला.

त्या संध्याकाळचे संकलन त्यानेच केले. मी थांबलो होतो. शेवटची किटली रिकामी झाल्यावर त्याने फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि उठण्याआधी मला विचारले, "सर, ती तुलनेची आज्ञा काय होती?" मी त्याला ती एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिली. त्याने ती एकेक अक्षर पाहून टाइप केली आणि पडद्यावर ओळ आली, दोन्ही फाइलींत फरक नसल्याची. ती पावती त्याने काट्यावरच्या काचेखाली सरकवली, आणि पेनड्राइव्ह खिशात घालून तो कार्यालयाकडे गेला.