गंगापूर रोडवरची सोंगं

धुळ्याहून सकाळची एसटी धरली की चांदवड, पिंपळगाव, ओझर करत नाशिकच्या द्वारका चौकात उतरेपर्यंत पोटात कावळे ओरडू लागतात. म्हणून आधी मिसळ. भाची तिथेच भेटली, केशरी-काळ्या कपड्यांत, कपाळावर निन्जाची पट्टी बांधून. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी "नाटक आहे का गं?" एवढंच विचारलं आणि पुन्हा रश्शात पाव बुडवला.

कॉमिक्स, ॲनिमे आणि गेमिंगच्या चाहत्यांचा मेळावा गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर होता. एरवी इथे अक्षता पडतात. अमेरिकेतलं हे खूळ (सॅन दिएगोचं कॉमिक कॉन १९७० पासूनचं) २०११ च्या दिल्ली कॉमिक कॉनपासून आपल्याकडे चांगलंच फोफावलं. नाशिकची पोरं आजवर त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची. गेटवर ही रांग! तलवार फोमची की लोखंडी, हे स्वयंसेवक दाबून बघत होते. एका राक्षसाची शिंगं मेटल डिटेक्टरच्या चौकटीत अडकली, तेव्हा मागच्या चौघांनी त्याला आडवा करून आत घेतला.

आत स्टेजवर काय चाललंय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. पाहुण्यांसाठी तिकीट काढलं असतं तर मी चिडलेच असते. पण खरी मजा मंडपाच्या कडेला होती, जिथे पोशाख करणारी मंडळी दमून बसली होती.

सातपूरला एका कारखान्यात कामाला असलेला एक पोरगा अंगभर चिलखत घालून पाणी पीत होता. दिसायला पोलाद, हाताला मऊ. जमिनीवर अंथरतात त्या फोमच्या मॅट कापायच्या, हीट गनने तापवून गुडघ्यावर वाकवायच्या, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून जरा सुकू द्यायचं आणि मगच चिकटवायचं. "ओलं असताना चिकटवलं तर उन्हात सगळं सुटतं, ताई." रंगाआधी पातळ फेविकॉलचे हात, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. रात्रपाळीहून आल्यावर घराच्या गच्चीवर हे चालायचं. वडील काय म्हणाले? "आधी ओरडले. मग पाठीचे पट्टे त्यांनीच शिवले."

पलीकडे एक मुलगी पुरुष पात्र होऊन आली होती आणि दोन काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र अण्णा साळुंके आठवले. इथून तासाभराच्या आत असलेल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये आपल्या पहिल्या चित्रपटात त्यांना तारामती केलं आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. काकूंना हे सांगायचं होतं, पण त्या तोवर सेल्फीच्या रांगेत लागल्या होत्या. त्याच मुलीबरोबर.

स्टॉलवर मी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक शोधले. वेताळाचा, म्हणजे फँटमचा, एक मराठी अंक मिळालाही, कडा कुरतडलेला. भाव ऐकून तो हळूच परत ठेवला. भाचीने स्टिकर घेतले, ते दिवसभर माझ्याच पर्समध्ये.

दुपारी उन्हातून सावलीला आलो तर गेटवरचे सिक्युरिटीवाले काका डबा सोडून बसले होते. सुरगाण्याकडचे. मी विचारलं, कसं वाटतं हे सगळं?

"चांगलं हाय. पण ह्यांचं मुंडकं हलकं," ते म्हणाले. "आमच्या बोहाड्यात, सोंगांच्या उत्सवात, रावणाचा मुखवटा बांधला की मान अवघडती. वर संबळ वाजतो तवर नाचायचं. आन् सोंग घरात चालत आलेलं असतं, आज्याचं बापाला, बापाचं मला. इथं कुनीबी काहीबी होतंय."

"तुम्ही कोण होता?" भाचीने विचारलं.

"मी? नरसिंह." आणि बसल्या जागी त्यांनी दोन्ही पंजे असे काही वळवले की शेजारचा चिलखतवाला पाण्याची बाटली खाली ठेवून उभाच राहिला. मग दोघांची मुखवट्यावर चर्चा सुरू झाली: कागदाचा लगदा की लाकूड, आतून कापड कुठे लावायचं, घामाने रंग जातो तेव्हा काय करायचं. आत बक्षीससमारंभासाठी त्याचं नाव पुकारलं जात होतं, तरी तो हलेना.

भाचीने गावाचं नाव लिहून घेतलं. होळीनंतर बोहाडा बघायला जायचं तिने ठरवूनही टाकलंय, आणि एसटीचं तिकीट मी काढायचं, हेही.