तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी उंच केली, आता ट्रॅक बार कोणता घेऊ?

हा प्रश्न मला इथे डेन्व्हरला गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही विचारला गेलाय. बाकी मग नाशिक-पुण्याहून फोन येतात, तेही आमच्या मध्यरात्री. माझ्या जीप ग्लॅडिएटरला अडीच इंचांची लिफ्ट आहे, म्हणजे गाडी तेवढी उंच केलीय, आणि आतापर्यंत माझे दोन ॲडजस्टेबल ट्रॅक बार झालेत. पहिला एका हिवाळ्यात गेला, दुसरा टिकलाय. एवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात.

आधी गाडीखाली वाकून बघा. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीला पुढे हा बारच नसतो. ट्रॅक बार, म्हणजे आपल्याकडे ज्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात तो, लागतो अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग कणा) आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीला. कॉइल स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकण्यापासून अडवत नाही. ते काम हा आडवा दांडा करतो. त्याचं एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांना पुढे दोन चाकांची सस्पेन्शन स्वतंत्र आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग), तिथे बारचं काही काम नाही. बाबांच्या जुन्या महिंद्रा जीपला चारही बाजूंना पाटेच होते. पाटा वजनही पेलतो आणि ॲक्सलही जागेवर धरतो. २०२० नंतरच्या थारलाही पुढे अखंड ॲक्सल नाही. जिम्नीला मात्र पुढे-मागे दोन्हीकडे हा बार आहे. इकडे रँग्लर, ग्लॅडिएटर, आणि २००५पासूनच्या फोर-बाय-फोर फोर्ड एफ-२५०ला पुढे आहे.

आता गाडी उंच केली की काय होतं? दांड्याची लांबी तीच, पण चेसिस वर गेल्यामुळे तो जास्त तिरका होतो. तिरका झाला की त्याची आडवी पोहोच कमी होते, आणि तो ॲक्सलला आपल्या चेसिसकडच्या टोकाच्या बाजूला ओढतो. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. दांडा ८४० मिमीचा धरा, मूळ गाडीत त्याच्या दोन टोकांच्या उंचीत ७५ मिमीचा फरक धरा. लिफ्टने त्यात ६५ मिमीची भर पडली, तर ॲक्सल साधारण ८ मिमी सरकतो. म्हणजे एका बाजूचं टायर ८ मिमी बाहेर, दुसऱ्या बाजूचं तेवढंच आत. दोन्ही बाजूंत १६ मिमीचा फरक. हा फरक मिटवायला लांबी बदलता येणारा बार घ्यायचा, एवढीच त्याची गोष्ट.

तेव्हा पैसे घालण्याआधी मोजा. गाडी सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ, आणि हातात गवंड्याचा ओळंबा. मडगार्डवरच्या एकसारख्या जागेवरून दोन्ही बाजूंना ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. दोन्ही बाजूंतला फरक निम्मा केला की ॲक्सल किती सरकलाय ते कळतं. तो आकडा तीन-चार मिमीच्या आत असेल तर मी तरी हात लावणार नाही.

फरक जास्त आहे? मग बघायची ती टोकं. लोक मला नळीची जाडी विचारतात, रंग विचारतात, कंपनीचं नाव विचारतात. नळी वाकून तुटलेला बार मी अजून पाहिलेला नाही. टोकं गेलेले बार मात्र बरेच पाहिलेत, त्यातला एक माझा.

माझ्या पहिल्या बारला दोन्ही टोकांना हाइम जॉइंट होते, म्हणजे उघड्या वाटीत फिरणारा लोखंडी गोळा. दिसायला रेसच्या गाडीचं सामान. यूटामधल्या मोॲबच्या खडकांवर तो जॉइंट छान वळतो, ॲक्सल कितीही तिरका झाला तरी अडत नाही. पण मी वर्षातले किती दिवस मोॲबला असते? बाकीचे दिवस ऑफिस, किराणा आणि मुलीचा पोहण्याचा क्लास. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड मारतात. ते पाणी आणि वर वाळू त्या उघड्या गोळ्यात शिरली. मार्चपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर खट्‌-खट्‌ सुरू. शिवाय हाइममध्ये रबर नसल्यामुळे रस्त्याची प्रत्येक थरथर थेट चेसिसमध्ये उतरते.

दुसऱ्या प्रकारचं टोक रबरी बुशचं. आवाज नाही, देखभाल नाही, वर्षानुवर्षं चालतं. पण चाक फार वरखाली गेलं तर रबर पिळवटतं. तिसरं, ग्रीस भरता येणारं आणि आतला माल बदलता येणारं जॉइंट, जॉनी जॉइंटच्या जातीचं. त्याला दर सर्व्हिसला ग्रीस द्यायचा कंटाळा नसेल तर उत्तम. माझ्या आत्ताच्या बारला एका टोकाला रबर आणि दुसऱ्याला असं जॉइंट आहे. रोज चालणाऱ्या, अधूनमधून डोंगरात जाणाऱ्या गाडीला मी हेच सांगते. फक्त खडकांवर चालवायची गाडी असेल तर दोन्हीकडे हाइम लावा आणि सुटे जॉइंट घरात ठेवा.

आटे बघायला विसरू नका. एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे आटे असतील तर बार गाडीवरच ठेवून पान्याने फिरवला की लांबी बदलते. एकाच टोकाला आटे असतील तर दर वेळी बोल्ट काढा, अर्धा फेरा फिरवा, परत लावा, परत मोजा. गाडीखाली पाठीवर झोपून हे तीनदा केलं की दोन्हीकडच्या आट्यांचे जास्तीचे डॉलर वसूल होतात. लांबी पक्की धरणारा चेक नट मात्र मजबूत हवा.

एक घोटाळा इथे सांगून ठेवते. लांबी बदलल्याने ॲक्सल मधे येतो, दांड्याचा तिरकेपणा जात नाही. तो कमी करायला लोक ॲक्सलकडचं टोक वर उचलणारं ब्रॅकेट लावतात. पुढच्या ॲक्सलला हे एकटं लावू नका. ट्रॅक बार आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) एकमेकांना समांतर असले पाहिजेत, म्हणजे चाक वर-खाली होताना दोघं एकाच वळणाने फिरतात. एकालाच उचललंत तर खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग आपोआप वळतं. आणि हो, पुढचा बार बदलला की स्टेअरिंग थोडं वाकडं होणारच. ते ड्रॅग लिंकवरून सरळ करून घ्या, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोलला वाटतं की तुम्ही वळताय.

आता बोल्ट. माझा पहिला बार ज्या गॅरेजमध्ये बसवला, तिथे गाडी लिफ्टवर लटकत असतानाच बोल्ट आवळले, तेही अंदाजाने. पंधरा दिवसांनी आय-७० हायवेवर, पुलाच्या सांध्यावरून जाताना पुढचा सगळा भाग असा हादरायला लागला की स्टेअरिंग हातात राहीना. इथे त्याला डेथ वॉबल म्हणतात. ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवला, कडेला थांबले, आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले. दोष बारचा नव्हता. बोल्ट सैल होऊन भोकात खेळत होता आणि भोक लंबगोल व्हायला लागलं होतं. तिथल्या माणसाने मला नवा स्टेअरिंग डँपर विकायचा प्रयत्न केला! डँपर हादरा झाकतो, सैल बोल्ट सैलच राहतो.

म्हणून बोल्ट आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना, टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. रबरी बुश लटकत्या गाडीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शंभरेक मैलांनी परत तपासा. तपासायची सोपी रीत: इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने बाजूला बसून बारची दोन टोकं बघायची. टोकात बोल्ट जराही सरकताना दिसला तर काम आहे. माझ्याकडे स्टेअरिंगवर मुलगी असते. ती आठ वर्षांची असल्यापासून हे काम तिचं आहे आणि त्याचे ती दोन डॉलर घेते.

परवा नाशिकहून जिम्नीवाल्या एका मुलाचा फोन आला. दोन इंचांची लिफ्ट, पुढचा-मागचा दोन्ही बार मागवायच्या बेतात. मी म्हटलं, आधी ओळंबा सोड. अर्ध्या तासाने त्याने निम्मे केलेले आकडे पाठवले: पुढे अडीच मिमी, मागे सात. आता तो फक्त मागचा घेतोय. ओळंबा शेजारच्या बांधकामावरून आणला होता, तो परत द्यायला सांगितलं.