पडतळ आणि भिंग

जुलैच्या मधल्या आठवड्यात मुंबईहून एक पार्सल आले. सांगलीच्या हवेत त्या दिवसांत केवढी ओल असते हे ठाऊक असल्यामुळे मी ते लगेच उघडले नाही. पुठ्ठ्याची ती लांब नळी रात्रभर कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जेवणाच्या मेजावर स्वच्छ पंचा अंथरून चित्र बाहेर काढले. लिलावाच्या सूचीत त्याचे वर्णन ‘सरस्वती, रवि वर्मा प्रेस, ओलिओग्राफ, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ असे छापले होते. ओलिओग्राफ म्हणजे शिळांवरून रंगांत छापून वर वार्निश चढवलेले, तैलचित्रासारखे दिसणारे चित्र. खरे तर नळी पाहिली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जुना ओलिओग्राफ कोणी जाणता माणूस गुंडाळून पाठवत नाही, कारण त्यावरचे वार्निश वाळून कडक झालेले असते आणि गुंडाळले की त्याला आडवे तडे जातात. या सरस्वतीला एकही तडा गेलेला नव्हता, आणि मी बापडा पॅकिंग उत्तम झाले म्हणून खूश होतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग देवीच्या गालावर ठेवले आणि सगळा उलगडा झाला. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे असे चारच रंगांचे ठिपके एका ठरावीक जाळीत ओळीने बसलेले होते आणि त्यांची लहान लहान फुले तयार झाली होती. नुसत्या डोळ्यांना जी गालावरची लाली वाटत होती ती ऑफसेट छपाईची करामत होती. चित्र जुन्या प्रतीवरून पुढे कधीतरी छापलेले होते, आणि खालच्या पट्टीवरचे छापखान्याचे नावही मूळ प्रतीबरोबरच फोटोत उतरून त्यात आले होते.

शिळेवरून छापलेले चित्र भिंगाखाली अगदी वेगळे दिसते. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे. कारागीर मूळ चित्र पाहून कोणत्या शिळेवर किती ठिपके द्यायचे हे हाताने ठरवी आणि मग तोच कागद एकामागून एक शिळांखालून जाई. हाताने दिलेले ठिपके सारखे नसतात. काही जाड, काही बारीक, काही एकमेकांत मिसळलेले असतात, आणि नाकाच्या कडेला किंवा पापणीपाशी ते जास्त दाट होतात. त्यावर वार्निश चढवले जाई, आणि पुष्कळदा कागदावर कापडाच्या विणीचा ठसा उठवला जाई, म्हणजे भिंतीवर लावल्यावर ते तैलचित्र वाटावे. राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्यानंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. चित्रांखाली ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता दिसतो तो या मुक्कामामुळे. १९७२ साली आगीत तो कारखाना जळाला. रवि वर्मांच्या छापखान्याच्याही आधी पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला होता, आणि त्याची देवादिकांची व पेशवाईतील पुरुषांची शिळाछाप चित्रे आमच्या भागातल्या वाड्यांतून एके काळी सर्रास दिसत. हे सगळे मला पाठ होते. पाठ असूनही मी फसलो, कारण मी बोली फोटोवर लावली होती.

आमचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, गणपती पेठेत आणि नंतर मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या वेळी खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. वरून पॉलिश केलेले हळकुंड कितीही पिवळेधमक दिसले तरी बोली आतल्या रंगावर होते. अण्णा हयात असते तर त्यांनी मला एवढेच विचारले असते, ‘मोडून बघितलंस का रे?’

चित्र मोडून बघता येत नाही, पण विचारता येते, आणि ते मी केले नव्हते. आता मी कोणत्याही लॉटसाठी, म्हणजे लिलावात क्रमांक देऊन मांडलेल्या नगासाठी, लिलावाच्या चार दिवस आधी तीन गोष्टी लेखी मागतो. चेहऱ्याच्या भागाचा अगदी जवळून घेतलेला फोटो, चित्राच्या पाठीचा फोटो आणि चारही कडांचा फोटो, चौकटीतून बाहेर काढून. पाठीवरून फार कळते. जुन्या चौकटीमागे लावलेल्या लाकडी फळीतील आम्ल कागदात उतरते आणि फळीच्या फटी जिथे असतात तिथे तपकिरी रेघा उमटतात. अशी रेघ कोणी मुद्दाम काढत नाही. कडांचे महत्त्व वेगळे आहे. आपल्या घरांमध्ये बाजारात मिळाली त्या मापाची चौकट आणून चित्र तिच्यात बसवण्यासाठी समास कापण्याची पद्धत होती, आणि त्या कात्रीबरोबर चित्राचे नाव, क्रमांक आणि छापखान्याचा पत्ता गेला. असे चित्र खोटे ठरत नाही, पण त्याला अखंड समासाच्या चित्राइतकी किंमत देऊ नये. चित्र काचेला चिकटले आहे का, हेही विचारावे. पावसाळ्यात वार्निश मऊ होऊन काचेला धरते, आणि मग काच काढताना नेमका चेहराच निघून येतो.

त्या सरस्वतीबद्दल मी तक्रार केली. उत्तर सभ्य होते. वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली आहे, वर्णन हे सूचीकाराचे मत आहे आणि तक्रारीची मुदत संपली आहे, असे तीन मुद्दे त्यांनी नियमांच्या कलमांसकट कळवले. कलमे मी बोली लावण्याआधी मान्य केली होती, त्यामुळे माझ्याकडे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तरी एक गोष्ट मला अजून खटकते. ज्या माणसाने सूची लिहिली त्याच्या हातात कागद होता आणि बहुधा भिंगही होते. माझ्यासमोर मोबाइलचा पडदा होता.

आता पैशाबद्दल. अण्णांच्या धंद्यातला ‘पडतळ’ हा शब्द लिलावाच्या हौशी मंडळींनी उचलावा असे मला फार वाटते. माल भावात कितीला मिळाला याला व्यापारी महत्त्व देत नाही. हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडे धरून तो दुकानात कितीला येऊन पडला, ती पडतळ. लिलावात हातोडा पडतो तो आकडा ऐकून माणूस फुशारतो आणि बिल आल्यावर गप्प होतो. मी ज्या विक्रीतून घेतो तिथे हातोड्याच्या किमतीवर २० टक्के खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाची अडत, आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो. काही ठिकाणी प्रीमियम याहून जास्त असतो आणि खुद्द वस्तूच्या किमतीवरही कर असतो, म्हणून नियम दर वेळी नव्याने वाचावे लागतात. समजा मला एका चित्रासाठी सगळे मिळून १५,००० रुपये घालायचे आहेत आणि पॅकिंग व कुरिअर ९०० रुपये आहे. ११,००० ला हातोडा पडला तर प्रीमियम २,२००, त्यावरील कर ३९६ आणि कुरिअर धरून पडतळ १४,४९६ येते. पुढची पायरी ११,५०० ची असते आणि तिथे पडतळ १५,११४ होते. म्हणजे ११,००० ला थांबायचे. हा आकडा मी दुपारीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो. रात्री नऊनंतर, शेवटच्या मिनिटाला कोणीतरी बोली वाढवतो, वेळ आणखी दोन-तीन मिनिटांनी पुढे सरकते आणि त्या घटकेला ११४ रुपये म्हणजे काय मोठेसे, असे मन सांगू लागते. तसे ऐकून मी एकदा चार पायऱ्या वर गेलो होतो. चित्र चांगले आहे, पण त्याच्याकडे पाहिले की मला आधी बिल आठवते.

अंदाजित किमतीचे दोन आकडे सूचीत दिलेले असतात, त्यांना मी फारसे मानत नाही. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही असे ठरलेला आकडा, बहुधा खालच्या आकड्याच्या वर नसते, एवढाच त्यांचा उपयोग.

पुस्तकांच्या बाबतीत फसवणूक कमी आणि उणेपणा जास्त असतो. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. छत्रपती प्रतापसिंहांच्या आश्रयाने त्याने दप्तरे पाहिली, कागद जमवले आणि त्यावरून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाला. साताऱ्यात बसून जमवलेल्या कागदांवर उभे राहिलेले हे पुस्तक सांगलीतल्या एखाद्या कपाटात असावे ही माझी जुनी इच्छा होती. बोली लावण्यापूर्वी अशा पुस्तकाचे पान न् पान मोजून घ्यावे लागते. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत छापील कागद घडी घालून शिवलेला असे आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून ठरावीक पानांच्या तळाशी एक अक्षर छापलेले असे. ती अक्षरे क्रमाने लागत गेली की मजकूर पुरा आहे असे समजावे. पण चित्रे आणि नकाशे वेगळे छापून मागाहून चिकटवलेले असत, त्यामुळे ते या अक्षरांच्या हिशेबात येत नाहीत आणि नेमके तेच फाडून नेलेले असतात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः चितारलेले आणि १९१६ साली निघालेले चित्ररामायण लिलावात येते तेव्हाही आतली रंगीत चित्रे एकेक करून मोजावी लागतात.

फाडण्याचा हा उद्योग अजाणत्यांचाच आहे असे नाही. ग्रिंडले या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचा पश्चिम हिंदुस्थानातील दृश्यांचा संग्रह १८२६ ते १८३० या काळात निघाला, त्यात हाताने रंगवलेली ३६ चित्रे होती. अखंड पुस्तकाला एक गिऱ्हाईक मिळते आणि सुट्या चित्रांना छत्तीस, हा हिशेब व्यापाऱ्याने केला की शिवण उसवली जाते. सुटे पान घेताना मलाही लाज वाटते, पण मी घेतलेले आहे. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या अशा चित्राभोवती दाबाने उमटलेली एक बुडती चौकट असते. बोट फिरवले तर ती लागते, आणि हाताने भरलेला रंग कुठे ना कुठे रेषेबाहेर गेलेला सापडतो.

नजर तयार करायची तर आमच्या बाजूला औंधचे श्री भवानी संग्रहालय आहे. १९३८ साली बाळासाहेबांनी उभारलेल्या या संग्रहालयात रवि वर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे आहेत, आणि लोकांना खरे वाटत नाही पण हेन्री मूर याचे एक शिल्पही आहे. मूळ तैलचित्रासमोर अर्धा तास उभे राहून आलो की छापील प्रतीत कारागिराने काय सोडले आणि काय वाढवले हे दिसू लागते. वर्षातून एकदा मी तिथे जाऊन येतो.

सांगलीत संग्रह करणाऱ्याने मजल्याचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. पुस्तके आम्ही आदल्या रात्री माडीवर नेली. सौभाग्यवतींनी धान्याच्या डब्यांआधी मोल्सवर्थचा कोश उचलला हे मी इथे कृतज्ञतेने नोंदवतो, मग तो १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा नसून पुण्याच्या पुनर्मुद्रणाचा का असेना. भिंतीवरची एक लक्ष्मी मात्र राहिली. ती काचेसकट भिजली, आणि वाळू दिल्यावर काच कधीच सुटणार नाही हे माहीत असल्याने मी ती ओली असतानाच पालथी ठेवून पाठीमागून टीपकागद लावत दोन दिवसांत सोडवली. डाव्या हातातल्या कमळाचा रंग काचेवर राहिला. ती काचही मी ठेवली आहे.

ग्रँट डफचे खंड अखेर मिळाले, पण पहिला आणि तिसरा. लॉटच्या वर्णनात ‘दोन खंड’ एवढेच खरे खरे लिहिले होते आणि त्यामुळे भाव माझ्या चिठ्ठीच्या आत राहिला. तिसऱ्याचा कणा मिरजेच्या एका बांधणीकाराने जुनेच चामडे राखून आतून नवे कापड देऊन बसवला. त्या काकांनी पैसे घेण्याआधी, ‘दुसरा मिळाला की आणा, तिघांना एकच रंग देतो,’ असे सांगितले. दुसरा खंड एकटाच दोनदा लिलावात आला. पहिल्या वेळी त्याच्यावर कुठल्याशा ग्रंथालयाचा शिक्का होता आणि तो रद्द केल्याची खूण नव्हती, म्हणून मी बोली लावली नाही. दुसऱ्या वेळी चिठ्ठीवर ६,००० होते आणि तो ९,५०० ला गेला. मधल्या जागेत सध्या मोल्सवर्थ उभा आहे, कारण त्याच्या जाडीमुळे दोन्ही खंड कलत नाहीत.