काळीज, पिशवी आणि समासाचा विग्रह

जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या चाचणीत ‘हिपॅटायटिस म्हणजे काय’ या प्रश्नाला मी ‘हृदयाला आलेली सूज’ असे उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले. वीसपैकी सात गुण मिळाले. अभ्यास केला नव्हता असे नाही. वहीत मी स्वतःच्या हाताने ‘हिपॅट म्हणजे काळीज’ असे लिहून ठेवले होते, आणि आमच्या घरी मटणाच्या वाटणीत काळीज मागितले की यकृताचाच तुकडा मिळतो, त्यामुळे ती नोंद चुकीचीही नव्हती. मात्र त्याच घरात भीतीने धडधडते तेही काळीजच असते. परीक्षेच्या आदल्या रात्री वही वाचताना मला हे दुसरे काळीज आठवले आणि उत्तर तिथेच फसले.

माझे गाव केज तालुक्यात आहे. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे बारावीपर्यंत मराठी माध्यमातून कला शाखा, एवढ्या शिदोरीवर मी लातूरच्या एका नर्सिंग महाविद्यालयात दाखल झाले होते. विज्ञान शाखेच्या मुलींनी निदान ‘कार्डियाक’, ‘रीनल’ असे शब्द ऐकलेले होते. मला मात्र शरीररचनेच्या पुस्तकाचे प्रत्येक पान परक्या गावातल्या पाट्यांसारखे वाटत असे. पहिला महिना मी रोज तीस शब्द पाठ करण्यात घालवला. आठवड्याच्या शेवटी त्यांतले जेमतेम दहा शिल्लक राहत आणि तेही एकमेकांत मिसळलेले असत.

चाचणीनंतर ट्यूटर मॅडमनी मला बोलावून दोन चुका दाखवल्या. पहिली काळजाची होती आणि दुसरी ‘सूज’ या शब्दाची. ‘आयटिस’ म्हणजे नुसती सूज नव्हे, तर दाह. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही त्याची चार जुनी लक्षणे आहेत. पायात पाणी साचून जी सूज येते तिला इडिमा म्हणतात आणि तिथे दाह असेलच असे नाही. ‘दाह’ हा शब्द ऐकला आणि शाळेतला मराठी व्याकरणाचा तास आठवला. हिपॅटायटिस म्हणजे यकृतदाह, आणि यकृतदाह हा तर सरळ तत्पुरुष समास आहे: यकृताचा दाह. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा, तिथे मुख्य गोष्ट वाडा, राजा नव्हे, हे आम्ही फळ्यावर कितीतरी वेळा सोडवले होते. त्या दिवसापासून मी वैद्यकीय शब्दांचे पाठांतर सोडले आणि त्यांचा विग्रह करायला लागले.

विग्रह शेवटाकडून सुरू करायचा, हे एकदा कळले की बरेच शब्द उकलतात. ‘आर्थ्रायटिस’मध्ये शेवटी दाह आहे आणि सुरुवातीला सांधा. ‘ब्रॅडीकार्डिया’मध्ये मागे हृदयाची स्थिती आहे आणि पुढे मंदपणा. मुळाला पुढच्या भागाशी जोडणारा ‘ओ’ हा मला संधीच्या नियमासारखा वाटला: पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो, म्हणून ‘गॅस्ट्रायटिस’, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो, म्हणून ‘गॅस्ट्रोस्कोपी’. जठर आणि आतडे अशी दोन मुळे जोडायची झाली तर दुसरे स्वराने सुरू होत असूनही ‘ओ’ टिकतो आणि ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’ होते. पण अपवादांची सवय मराठी व्याकरणानेच आम्हाला लावलेली होती.

मूत्रपिंडासाठी एकीकडे ‘नेफ्र’ आणि दुसरीकडे ‘रेन’ का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पहिला शब्द ग्रीक आणि दुसरा लॅटिन, एवढे सांगून पुस्तक पुढे जाते. मला ते पटले ते आपल्याच भाषेवरून. आपण डोळे येणे म्हणतो, पण दान करताना ते नेत्रदान असते, डोळेदान कधीच नसते. तसेच मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’ असते आणि त्याचा दाह ‘नेफ्रायटिस’ असतो. माकडहाडाचे नाव मात्र एका बैठकीत पाठ झाले, कारण ‘कॉक्सिक्स’ हे नाव कोकिळेच्या जातीतल्या पक्ष्याच्या चोचीवरून पडले आहे. आपल्या लोकांना त्याच हाडात माकडाची शेपटी दिसली, आणि मला अजूनही आपलेच नाव जास्त नेमके वाटते.

विग्रहाने सगळेच सुटले असे मात्र नाही. सुरुवातीला मी सर्व शब्द देवनागरीत लिहीत असे आणि तिथे एक खड्डा होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे रुंद हाड, दोन्ही माझ्या वहीत ‘इलियम’च होते; इंग्रजीत आतड्याच्या शब्दात मधे ‘ई’ आणि हाडाच्या शब्दात ‘आय’, एवढाच फरक आहे. ती वही मी नाइलाजाने बंद केली. दिशांचाही गोंधळ असाच होता. रुग्ण आडवा झाला की वर कोणते आणि खाली कोणते, हे मला कळेना. शेवटी लक्षात आले की गावातली वरची आळी आपण झोपून पाहिली तरी वरचीच राहते. शरीरही कायम उभे, चेहरा समोर आणि तळहात पुढे असेच धरायचे असते, आणि उजवे-डावे रुग्णाचे असते, आपले नव्हे.

वॉर्डात गेल्यावर ‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी, या जोडीने एकदा मला घाम फोडला. ड्युटीची पाळी बदलताना घाईत ऐकलेला ‘हायपोग्लायसेमिया’ मी जास्त साखर म्हणून लिहिला आणि सीनियर सिस्टरांनी तो वेळीच पकडला. तेव्हापासून मी शब्दासोबत आकडाही विचारते.

त्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आई-बाबांची ऊसतोडीसाठी कारखान्यावर जायची बांधाबांध चालू होती. कागद शोधताना पत्र्याच्या पेटीत आईची जुनी फाईल सापडली. मी सातवीत असताना तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली होती. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये एवढा गाजला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आईचे ऑपरेशन त्याच्याही आधीचे, एका खासगी दवाखान्यातले. डिस्चार्ज कार्डावर हिस्टरेक्टमीपुढे, म्हणजे गर्भाशय काढल्याच्या नोंदीपुढे, ‘बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी’ असे लिहिले होते. मी सवयीने शेवटाकडून सुरुवात केली: काढून टाकणे, बीजकोश, नळ्या, दोन्ही बाजूंच्या.

“माय, तुला काय काय काढलं म्हणून सांगितलं होतं?”

“पिशवी. दुसरं काय असतंय?”

तिशीतच तिच्या अंगाची लाही का व्हायची आणि हाडे का ठणकायची, हे मला त्या ओळीत दिसले. बीजकोश गेले की पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास एकदम येतात. मी फाईलच्या मागे पेनाने उलट्या पेरूसारखी पिशवी काढली, तिला दोन नळ्या आणि बाजूंना दोन बदाम काढले. आईने दोन्ही बदामांवर आळीपाळीने बोट ठेवले आणि विचारले, “ह्ये दोन्ही कामून काढले?” मी फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचली. काय काढले ते लिहिले होते. का काढले, ते कुठल्याच पानावर नव्हते.