मागची जोडी

सहा घोड्यांची तोफ म्हटलं की सगळ्यांची नजर पुढच्या जोडीवर. मालिकेच्या दिग्दर्शकाचीही तिथेच होती. साल १८१७, इंग्रजांची घोडतोफ, ओढ्याच्या उतारावरून सहा घोडे चौखूर येतायत, असं त्याच्या कागदावर. शूटिंगला घोडे पुरवणं हा माझा धंदा. "चौखूर" मी लगेच खोडायला लावलं. दुडक्या चालीवर सौदा झाला.

त्यात कलाविभागाने फायबरची तोफ आणली. हलकी तोफ बरी, असं त्यांना वाटलं. हलका गाडा खड्ड्यात उडतो, आडवा फिरतो, आणि मागे काहीतरी नाचतंय म्हटल्यावर घोडा बिथरतो. खऱ्या सहा पौंडी, म्हणजे सहा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, पितळी तोफेची नुसती नळीच सुमारे ३०० किलोंची असे. गाडा आणि दारूगोळ्याची पेटी धरून वजन टनाच्या वर जाई. मी गाड्यात वाळूची पोती बांधायला लावली. निर्मितीवाल्यांना ते नखरे वाटले.

जुपणी अशी असते: पुढे दोन चाकांची गाडी, तिच्यावर दारूगोळ्याची पेटी, आणि तिच्या आकड्यात तोफेची शेपटी. काही गोलंदाज त्या पेटीवर बसून जात. घोडे जोडीजोडीने, एकापुढे एक. हाकणारा गाडीत नसतोच. प्रत्येक जोडीच्या डाव्या घोड्यावर स्वार असतो आणि उजवा घोडा तो हाताने सांभाळतो. मागच्या जोडीच्या मध्ये गाडीची दांडी येते, म्हणून तिथल्या स्वाराच्या उजव्या पायाला लोखंडी पट्टी बांधत. पुढच्या दोन्ही जोड्या फक्त ओढतात. गाडा थोपवायचा कुणी? मागच्या जोडीने, पुठ्ठ्यामागच्या, म्हणजे ढुंगणामागच्या, रुंद पट्ट्यावर बसून. धावत्या तोफगाडीला दुसरा ब्रेकच नाही. इतिहासाचे सल्लागार टोप्यांच्या बटणांवरून तासभर भांडले, पण हे विचारायला एकही आला नाही.

पुढे मी देखणे मारवाडी घोडे दिले. मागे लग्नाच्या बग्गीतली दोन जाडजूड जनावरं, एक घोडा आणि एक घोडी. हायकोर्टाच्या २०१५च्या निकालाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद झाल्या, तेव्हापासून एक जुना गाडीवान माझ्याकडे आहे. त्या जोडीवर तोच बसला. "दादा, याच्यापेक्षा चर्चगेटची संध्याकाळ अवघड होती," म्हणाला.

टेक सुरू झाला. उतार अर्धा झाला असेल, एवढ्यात धूरवाल्याने इशाऱ्याआधीच बार उडवला. (धूरवाले कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.) पुढची जोडी एकदम उजवीकडे वळली, ओढीचे पट्टे ढिले पडले आणि मधल्या घोड्याचा पाय पट्ट्यावर गेला. मागून टनभर वजन उतरत होतं. मी बाजूने पळत होतो, पण पळून मी करणार काय होतो?

घोडी बसली. अक्षरशः मागच्या पायांवर बसली, टापा मुरमात रुतल्या, पट्टा पुठ्ठ्यात काचला. जोडीदाराने तिचं बघून अंग मागे टाकलं. गाडा करकरत हातभर सरकला आणि थांबला. मधल्या घोड्याचा पाय सोडवला. साधं खरचटलंही नव्हतं. गाडीवानाला विचारलं, लगाम खेचलास का? "नाही हो, माझा हात दांडीवर होता. तिचं तिनंच केलं."

तेव्हापासून डोक्यात लढाया घोळतायत. शत्रूचे गोलंदाज अनेकदा जनावरंच टिपत, कारण जनावर पडलं की तोफ जागीच बसते. २३ सप्टेंबर १८०३ला असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल लोळवले, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीला तोफा मागे टाकून पायदळ पुढे घालावं लागलं. घोडा पडला तर पट्टे कापून उरलेल्यांवर पुढे जात. पण उतारावर मागच्या जोडीतलाच पडला तर? कापाकापीला वेळ कुठला? गाडा अंगावरच येणार. तरी त्या जोडीला नेमके कुठले घोडे निवडत, कसे शिकवत, हे मला माझ्या गाडीवानाइतकं नीट कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणतो, शिकवून येत नाही. उतार दिसल्यावर जो आपण होऊन कान मागे घेतो, तो मागे जुपायचा.

एपिसोडमध्ये पुढच्या जोडीचाच क्लोजअप आहे. पुढच्या शेड्यूलला आठ घोड्यांची तोफ मागितलीय. कोटेशनमध्ये मी मागच्या जोडीचं भाडं दुप्पट लावलंय, आणि निर्मितीवाले फोन करून विचारतायत, ही दोन तर दिसतसुद्धा नाहीत, मग एवढे पैसे कशाचे?